माणसं घेण्याआधी सांभाळणारे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या ट्विटरसारख्या समाजमाध्यमांबद्दलचा लेख वाचला. कुणा एका कंपनीच्या मुठीत नसलेल्या जाळ्यावर मराठी माणसांनी यावं, हे त्यातलं म्हणणं मला पूर्ण पटतं. मी मालवणात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते, आणि दुकानाचं शटर खाली ओढल्यावर रात्री मॅस्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्टी जिथे साठतात ते मशीन, सांभाळते. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंतची माणसं त्यावर आहेत, मुंबईतले चाकरमानी आहेत, मस्कत-दुबईतले आहेत. म्हणूनच, वाचकांनी आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपांना सोबत घेऊन एकदमच इकडे यावं, असा जो सल्ला लेखाच्या शेवटी दिलाय, तो वाचून मी थांबले आणि हे पत्र लिहायला घेतलं. एवढी माणसं एका आठवड्यात आली की पलीकडे बसलेल्या माणसावर काय वेळ येते, याबद्दल लेखात एक ओळही नाही.

आधी थोडं समजावून सांगते, कारण हे ठाऊक नसलं तर पुढचं कळायचं नाही. फेसबुकवर काही वाईट दिसलं तर तक्रार कंपनीकडे जाते. तिथे पगारी माणसं आहेत, यंत्रणा आहे. ती नीट काम करते की नाही हा वेगळा प्रश्न. मॅस्टोडॉनला असं मुख्य कार्यालयच नाही. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये तो सुरू केला, पण प्रत्येक सर्व्हर वेगळ्या माणसाचा. कुणी संस्थेचा, कुणी विद्यापीठाचा, कुणी घरचा. हे सगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. 2018 मध्ये ती पद्धत अधिकृत मानक झाली. ईमेलसारखंच, तुमचं खातं एका ठिकाणी आणि समोरच्याचं दुसऱ्या, तरी पत्र पोचतं. पण तुमच्या सर्व्हरवर कुणी कुणाला त्रास दिला तर निस्तरायचं ज्याचा सर्व्हर आहे त्याने. आमच्याकडे ते मी, डोंबिवलीची एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मस्कतला नोकरी करणारा देवगडचा एक मुलगा, असे तिघं करतो.

लोंढा कसा येतो हे भारतात आपण एकदा पाहिलंय. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, आणि निषेध म्हणून आपल्याकडचे पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले. त्यांतले बहुतेक फार काळ टिकले नाहीत. मग 2022 च्या ऑक्टोबर अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं. मॅस्टोडॉनवर महिन्याला वावरणारे लोक तेव्हा सुमारे 3 लाख होते, ते दोन महिन्यांच्या आत 25 लाखांवर गेले. सगळ्यात मोठ्या सर्व्हरलाही काही काळ नवी नोंदणी थांबवावी लागली. हॅकिडर्म नावाचा अमेरिकेतला एक सर्व्हर क्रिस नोव्हा या अभियंतीने आपल्या घराच्या तळघरातल्या मशीनवर चालवला होता. हजाराच्या आतली माणसं एका महिन्यात सुमारे 30 हजारांवर गेली. डिस्क मंदावल्या, पोस्टी तासन् तास रांगेत अडकल्या, आणि शेवटी सगळा बाडबिस्तरा जर्मनीतल्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवावा लागला. काय मोडलं आणि कसं दुरुस्त केलं हे त्या लोकांनी सविस्तर लिहून ठेवलंय. त्यातलं डिस्कचं आणि रांगेचं आम्हाला फार उपयोगी पडलं.

कारण मशीनचा त्रास आम्हालाही झाला. आपल्या माणसाने बाहेरच्या कुणाला फॉलो केलं की त्या बाहेरच्याचे फोटो-व्हिडिओही आपल्या डिस्कवर येऊन साठतात, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. माणसं वाढली की आपल्या लोकांचं लिखाण फारसं वाढत नाही, बाहेरचा माल मात्र भराभर वाढतो. बाहेरचे जुने फोटो आठवड्याने आपोआप काढायची सोय आहे, ती लावली की श्वास घेता येतो. जास्त जागा भाड्याने घेता येते, वर्गणी काढता येते. मशीनचा प्रश्न पैशाने सुटतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माणसांचा प्रश्न तसा सुटत नाही. एक तक्रार कशी सोडवतात ते सांगते.

गेल्या हंगामात आमच्याकडे एका मच्छीमाराने रात्री समुद्रात काढलेला फोटो टाकला. झगझगीत दिवे लावलेली एक नौका. एलईडी लावून मासे ओढण्याला बंदी आहे, तरी ते चालतं, आणि पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काही उरत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्याचा संताप खरा होता. पण फोटोखाली त्याने नौकेच्या मालकाचं नाव, फोन नंबर आणि वाडी, सगळं लिहिलं होतं. तासाभरात तक्रारी आल्या. मालकाच्या मुलाची बदनामीची. दुसऱ्या बाजूने, ही पोस्ट काढलीत तर तुम्ही त्यांचेच, अशी. आणि पोस्टखाली कुणीतरी एक ओळ लिहिली होती: उद्या सकाळी जेटीवर भेट. वाचणाऱ्याला वाटेल, भेटायला बोलावतोय. पण लिहिणारा कोण, कुणाला उद्देशून लिहितोय, त्या दोन घरांमध्ये आधी काय झालंय, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या पोटात ती ओळ वाचून गोळा येतो. शिव्या शोधणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला त्या ओळीत काही सापडलं नसतं. डोंबिवलीच्या बाईंनाही ती ओळ साधीच वाटली, मी फोन करून सांगेपर्यंत.

आम्ही तिघं कॉलवर बसलो. बेकायदा मासेमारीची तक्रार जाहीरपणे करणं हा त्या मच्छीमाराचा हक्क आहे, ती ठेवायची. नौकेचा क्रमांक ठेवायचा, तो सरकारी नोंदणीचाच आहे. घरचा फोन नंबर आणि वाडी ठेवायची नाही. जेटीवर बोलावणाऱ्याचं खातं तूर्त गोठवायचं. आता मॅस्टोडॉनमध्ये देखरेख करणाऱ्याला दुसऱ्याच्या पोस्टीतला मजकूर बदलता येत नाही. ती काढता येते, फोटो झाकता येतो, एवढंच. बदल ज्याने लिहिलं त्यानेच करायचा. म्हणून त्याला निरोप पाठवला. तो होता समुद्रात. दरम्यान पोस्ट काढून ठेवली आणि त्याला आम्ही विकले गेलो असं वाटलं. सकाळी मासळी उतरवून झाल्यावर त्याने फोन केला, बराच वेळ भांडला, मग नंबर वगळून पोस्ट पुन्हा टाकली. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार कशी द्यायची तेही मी त्याला सांगितलं, अर्ज माझ्याच दुकानात टाइप केला.

तरी काम संपलं नव्हतं. पहिली पोस्ट तोवर बाहेरच्या सर्व्हरांवर गेली होती. आपण पोस्ट काढली की तशी सूचना आपोआप सगळीकडे जाते, आणि बहुतेक सर्व्हर ती पाळतात. पण एक सर्व्हर नेमका त्या वेळी बंद होता, सूचना त्याला मिळालीच नाही, आणि नंतर तो चालू झाल्यावर मालकाचा फोन नंबर तिथे तसाच दिसत राहिला. त्या सर्व्हरच्या ॲडमिनला मराठी येत नव्हतं. हा आकडा फोन नंबर आहे, ही माणसं खरी आहेत, इथे मारामारी होऊ शकते, हे इंग्रजीतून पटवून देण्यात पुढचा दिवस गेला.

ही झाली एक तक्रार. अशी कामं रोजची नसतात म्हणून तिघांच्याने निभतं. माणसं दसपट झाली की तक्रारी दसपट होऊन थांबत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. ओळखीच्या माणसांत भांडण झालं तर कुणीतरी मध्ये पडतं, ‘जाऊ दे रे’ म्हणतं. अनोळखी माणसं एकदम आली की मध्ये पडणारं कुणी नसतं, जो तो थेट तक्रारीचं बटण दाबतो. ब्लूस्कायचंच पाहा. 2023 च्या अख्ख्या वर्षात त्यांच्याकडे सुमारे 3 लाख 58 हजार तक्रारी आल्या. 2024 मध्ये माणसं 29 लाखांवरून 2 कोटी 59 लाखांवर गेली, म्हणजे नऊपट, आणि तक्रारी आल्या 64 लाख 80 हजार, म्हणजे जवळपास अठरापट. त्या नोव्हेंबरात एका दिवसात 42 हजार तक्रारी आल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांनी देखरेखीची माणसं 25 वरून 100 च्या घरात नेली. ती कंपनी आहे, तिच्यामागे गुंतवणूकदार आहेत. नाव विकेंद्रित असलं तरी तिथली बहुतेक खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि देखरेखीचा मोठा भारही कंपनीच उचलते. ज्या छोट्या सर्व्हरांवर जा असं लेखात सांगितलंय, त्यांच्याकडे 25 कुठले आणि 100 कुठले?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दार किती उघडायचं हे आत बघणाऱ्या माणसांवरून ठरलं पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत किती माणसं घ्यायची हे धक्क्यावरच्या गर्दीवरून ठरवत नाहीत. हे न पाळणाऱ्यांमुळे काय होतं ते 2024 च्या फेब्रुवारीत दिसलं. मालकांनी वाऱ्यावर सोडलेले, पण नोंदणी सताड उघडी असलेले कितीतरी छोटे सर्व्हर स्पॅम टाकणाऱ्यांनी वापरले आणि जगभरच्या लोकांच्या खात्यांत कचऱ्याचा पूर आला. त्यानंतर मॅस्टोडॉनमध्ये एक बदल केला गेला: आठवडाभर कुणी देखरेख करणारा फिरकलाच नाही तर उघडी नोंदणी आपोआप बंद होऊन अर्जावर येते, म्हणजे कुणीतरी अर्ज मंजूर केल्यावरच खातं मिळतं. माझ्या मते त्या प्रणालीत झालेला हा सगळ्यात शहाणा बदल आहे.

आमच्याकडे पहिल्यापासून अर्जच आहे. गाव कुठलं आणि इथे कशासाठी यायचंय, एवढे दोन प्रश्न. उत्तर चुकीचं असं काही नसतं. पण ‘आचरा, माझी कलमांची बाग आहे, फवारणीबद्दल विचारायचंय’ असं लिहिणारा आणि वीस अर्जांत तेच एक गुळगुळीत वाक्य चिकटवणारा, यांतला फरक लगेच दिसतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही तेही दार लावून घेतलं. 26 तारखेला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. मालवणात प्रत्येक माणूस हळहळला होता, चिडला होता. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे अर्जांची रीघ लागली. काही खरोखर आमच्या गावांतले होते. बाकीच्यांनी गावच्या रकान्यात नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं होतं, आणि ज्यांना आत घेतलं त्यांतले काही पहिल्या तासातच कुठले तरी जुने व्हिडिओ मालवणातले म्हणून टाकायला लागले. पुढे दहा-बारा दिवसांवर गणपती, चाकरमानी यायचे होते, घरोघरी माणसं. आम्ही नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. आधीपासून असलेल्या सभासदाने स्वतः निमंत्रण दुवा दिला तरच नवा माणूस आत. गणपती गेल्यावर अर्ज पुन्हा बघायला घेतले. लोकांचं तोंड बंद करताय, असं आम्हाला ऐकवलं गेलं. आत असलेल्या एकाचंही बोलणं आम्ही थांबवलं नव्हतं. सरकारवर टीका होती, ठेकेदारावर होती, ती सगळी तशीच राहिली. आम्ही थांबवला तो वेग. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करू.

त्याच आठवड्याच्या शेवटी ब्राझीलमध्ये न्यायालयाने एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, बंदी घातली आणि काही दिवसांत वीस लाखांहून जास्त माणसं ब्लूस्कायवर गेली. जगात काय होईल, कधी लोंढा येईल, हे आपल्या हातात नाही. निदान मराठी वर्तमानपत्राने तरी स्वतःहून तो लोंढा एखाद्या छोट्या सर्व्हरवर सोडू नये, एवढं मला वाटतं.

छोटा सर्व्हर थकला की बंद होतो, आणि आतल्यांचं नुकसान होतं. आपलं खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं, फॉलो करणारे सोबत येतात, पण जुन्या पोस्टी येत नाहीत. 2023 मध्ये मॅस्टोडॉन डॉट लोल नावाचा हजारो लोकांचा सर्व्हर त्याच्या मालकाने बंद केला. भांडणं आणि द्वेषाने भरलेले निरोप वाचून तो वैतागला होता. त्याने मुदत दिली, लोकांना हलता आलं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना, रोजचा बॅकअप आणि अडीअडचणीला दुसऱ्या एका तरी माणसाकडे किल्ली, हे कबूल करावं लागतं. आमच्याकडे किल्ली तिघांकडे आहे. पावसाळ्यात इथली वीज आणि रेंज गेली की मला दोन-दोन दिवस काही दिसत नाही, तेव्हा डोंबिवली आणि मस्कत बघतात.

मग हे कुणी चालवावं? माझं मत आहे, आपल्या वाचनालयांनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं आहे, कोकणात तालुक्या-तालुक्याला जुनी वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे सभासदांची वही आहे, निवडून आलेली कार्यकारिणी आहे, आणि कुठे जाऊन भांडायचं हे गावाला ठाऊक आहे. आपल्या 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे अशा सेवेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, 24 तासांत तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो; 2021 मध्ये ती मुदत 15 दिवसांची होती. पुढे त्यात बदलही झालेत. आमच्या पानावर आज त्या जागी माझं नाव आहे. कोर्टाचा कागद आला तर तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणार. हे एका माणसाच्या नावावर असू नये, संस्थेच्या नावावर असावं.

पण तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथपालावर हे फुकट लादू नये. युरोपीय संघाने 2022 मध्ये आपल्या संस्थांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू केला होता; तो पुढे चालवायला कुठलीच संस्था तयार झाली नाही आणि 2024 मध्ये बंद करावा लागला. युरोपात हे होतं, तर आपल्याकडे ‘कुणीतरी बघेल’ म्हणून कसं चालेल? बीबीसीने 2023 मध्ये स्वतःचा सर्व्हर काढला तो फक्त आपल्याच खात्यांसाठी, बाहेरच्यांना नोंदणी नाही. वाचनालयानेही सुरुवात तशीच करावी. आधी फक्त स्वतःची खाती, मग वर्गणीदार सभासद, आणि रोज अर्धा दिवस काम करणारा एक पगारी माणूस मिळाल्यावरच गावासाठी. तो माणूस त्याच किनाऱ्यावरचा असावा, ज्याला जेटीवरच्या त्या ओळीचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा नोंदणी कशी करायची याच्या शेजारी हेही छापा, ही विनंती. खातं उघडण्याआधी त्या सर्व्हरचं माहितीचं पान वाचावं: चालवतं कोण, देखरेखीला किती जण आहेत, त्यांना मराठी वाचता येतं का, बंद पडला तर काय. आणि तक्रार करताना नुसतं बटण दाबू नये, काय घडलंय ते मराठीत एका ओळीत लिहावं. त्या एका ओळीने आमचा अर्धा तास वाचतो.

सध्या आमच्याकडे रायगडच्या किनाऱ्यावरून, श्रीवर्धन-मुरुड बाजूने, बरेच अर्ज आले आहेत. माणसं चांगली दिसतात. पण त्या बाजूची गावं, तिथली भांडणं, तिथली माणसं आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नाहीत, म्हणून ते अर्ज आम्ही थांबवून ठेवलेत आणि प्रत्येकाला तसं कळवलंय. त्या भागातल्या कुणा वाचकाला रात्री दहा ते बारा, आठवड्यातून तीन दिवस बसता येत असेल तर त्याने आपल्या वर्तमानपत्राच्या कार्यालयामार्फत मला कळवावं. काम कसं करायचं ते मी शिकवीन, आणि तो माणूस मिळाला की हे अर्ज त्याच्यासोबत बसूनच बघू.

आपली,
एक वाचक
मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)